साखळी आणि संख्या

बंगळूर शहराच्या उत्तर वेशीवर हेब्बाळ नावाचे एक जुने गाव आहे. शहाजीराजांची जहागीर म्हणून बंगळूरचे नाव मराठी माणसाच्या कानावर लहानपणीच पडते. हेब्बाळ मात्र त्याहूनही पुष्कळ जुने. सुमारे साडेबाराशे वर्षांपूर्वीचा, गंग राजांच्या काळातील एक वीरगळ तेथे सापडला आहे. आज त्याला गाव म्हणावे असे फारसे काही उरलेले नाही. तलाव आहे, तलावाजवळून विमानतळाकडे जाणारा उड्डाणपूल आहे, १९६४ साली स्थापन झालेल्या कृषिविद्यापीठाचे आवार आहे, आणि तेथून थोडे पूर्वेस, नागवाऱ्याच्या बाजूला, मान्यता या नावाने ओळखली जाणारी काचेच्या इमारतींची एक वसाहतच उभी आहे.

या दोन शेजाऱ्यांच्या कामात एक गोष्ट समान आहे: दोघेही मोजतात. नाचणीच्या नव्या वाणाची परीक्षा घ्यावयाची तर पीक कापतात, मळतात, तराजूत घालतात आणि हेक्टरी इतके क्विंटल असा आकडा मांडतात. त्या आकड्याचा अर्थ काय, असा वाद कोणी घालीत नाही. काचेच्या इमारतींत पिकते ते धान्य नव्हे. तेथे संगणकाच्या आज्ञावल्या लिहिल्या जातात. या व्यवसायात अशी रीत पडली आहे, की अभियंत्याने आपले लिखाण पुढे धाडले म्हणजे एक यंत्रणा ते तपासते आणि प्रत्येक घटकापुढे त्याच्या ‘गुंतागुंती’चा आकडा छापते. आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की लिखाण परत येते. तो आकडा कामाच्या दर्जाविषयी बोलतो असे मानले जाते. पुष्कळ ठिकाणी तो माणसाच्या दर्जाविषयीही बोलू लागतो. तराजूतला आकडा आणि हा आकडा, दोन्ही दिसायला सारखेच. परंतु दोन्ही एकाच जातीचे आहेत काय? या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ बंगळूरच्याच पठारावर करता येतो.

टिपूच्या पाडावाला दीड वर्ष लोटले होते. त्या मोहिमेत लढलेला विल्यम लॅम्बटन हा इंग्रज अधिकारी १८०० सालच्या अखेरीस बंगळूरजवळच्या मोकळ्या माळावर एक सरळ रेषा मोजू लागला. पुढे जी भारताची महान त्रिकोणमितीय पाहणी म्हणून जगप्रसिद्ध झाली, तिची ही पूर्वतयारी होती. त्याच्यापाशी १०० फुटांची पोलादी साखळी होती. ती अडीच-अडीच फुटांच्या ४० दांड्या जोडून केलेली होती. चीनच्या बादशहाला नजर करावयाच्या वस्तूंमध्ये ती पूर्वेकडे आली, तेथे नापसंत झाली आणि कलकत्तामार्गे लॅम्बटनच्या हाती पडली. ही साखळी लाकडी पेट्यांत ठेवावयाची, वजन लावून ताणावयाची, शेजारच्या तापमापकात उष्णता किती ते टिपावयाचे, कारण उन्हाने पोलाद लांबते. मग साखळी उचलून पुढे मांडावयाची. सात मैलांहून अधिक लांबीची रेषा अशी मोजण्यास जवळजवळ दोन महिने लागले.

१८०२ साली मद्रासजवळ मुख्य पायारेषा मोजली गेली आणि तिच्यावरून एकापुढे एक त्रिकोण बांधीत पाहणी पश्चिमेकडे सरकली. १८०४ साली बंगळूरजवळ पुन्हा एक रेषा जमिनीवर मोजली. तिची लांबी त्रिकोणांच्या गणिताने अगोदरच काढलेली होती. कागदावरची लांबी आणि साखळीची लांबी ताडून पाहिली, तेव्हा मैलोगणती अंतरात फरक निघाला तो अवघा काही इंचांचा.

ही हकीकत परिचित आहे आणि साधारणपणे ती चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्यातील दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. साखळी साखळीपुढे मांडली की लांबीची बेरीज होते. ही बेरीज आधी जमिनीवर घडते, वहीत नंतर. आणि दुसरे असे, की लॅम्बटनचे माप चुकले असते तर ते पकडले गेले असते. बंगळूरची दुसरी रेषा त्याच्यासाठीच होती.

पहिल्या गोष्टीचे शास्त्र व्हायला आणखी बराच काळ जावा लागला. १८८७ साली हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने मोजणे आणि मापणे यांवर एक निबंध लिहिला. वस्तूंना आकडे लावण्याचा अधिकार आपणांस कोठून मिळतो, हा त्याचा प्रश्न. १९०१ साली ओटो होल्डर या गणितज्ञाने त्या अधिकाराच्या अटी काटेकोर मांडल्या, आणि १९२० साली इंग्लंडच्या नॉर्मन कॅम्पबेलने पदार्थविज्ञानावरील आपल्या ग्रंथात त्यांचा विस्तार केला. थोडक्यात सांगावयाचे तर त्यांचे म्हणणे असे: आकड्यांच्या अगोदर वस्तूंमध्ये काही नाते दिसले पाहिजे. ही काठी त्या काठीहून लांब आहे, हे फूटपट्टीवाचूनही, दोन्ही शेजारी धरून, ठरविता येते. या नात्याचे प्रतिबिंब आकड्यांत हुबेहूब उमटले तर ते मापन. एरवी ती नुसती आकडेमोड.

कॅम्पबेलचा कटाक्ष बेरजेवर होता. ज्या गुणाची लांबीप्रमाणे किंवा वजनाप्रमाणे बेरीज घडवून दाखविता येत नाही, तो मूलतः मोजता येतो असे म्हणण्यास तो तयार नव्हता. यावरून मोठा वाद माजला. १९३२ साली ब्रिटिश असोसिएशनने एक समिती नेमली, ए. फर्ग्युसन तिचे अध्यक्ष होते. माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजाचा मोठेपणा किंवा प्रकाशाचा भासणारा लखलखीतपणा, अशा संवेदना मोजता येतात काय, हे तिने ठरवावयाचे होते. पदार्थविज्ञानाचे पंडित आणि मानसशास्त्राचे पंडित एका टेबलाभोवती बसले, आणि १९४० साली अखेरचा अहवाल निघाला तेव्हाही त्यांचे एकमत झालेले नव्हते.

तोड काढली ती अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स याने. १९४६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा एक छोटा लेख आला. मोजता येते की नाही, हा प्रश्नच त्याने बदलला. कोणत्या जातीची मोजपट्टी आहे, असे विचारावयास त्याने शिकविले. त्याने चार जाती सांगितल्या. मराठी घरातल्या गोष्टींनी त्या सहज स्पष्ट होतात. शेताचा गट नंबर हा नुसता ओळखीचा आकडा. १२० नंबरचे शेत ६० नंबरच्या शेताच्या दुप्पट असते असे कोणी म्हणत नाही. कुस्तीच्या फडातील पहिला, दुसरा, तिसरा हा क्रमाचा आकडा. पहिल्या-दुसऱ्यातले अंतर आणि दुसऱ्या-तिसऱ्यातले अंतर सारखे असेल अशी हमी त्यात नाही. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ मध्ये झाला आणि निधन शके १६०२ मध्ये. इसवी सनाने पाहिले तर १६७४ आणि १६८०. आरंभबिंदू बदलला तरी मधले अंतर ६ वर्षांचेच राहिले. ही अंतराची मोजपट्टी. येथे वजाबाकी खरी, पण एका वर्षाला दुसऱ्याने भागणे निरर्थक. उरली ती शेर-पायलीची जात. पायली गावोगाव लहानमोठी असे, म्हणून तर भारत सरकारला १९५६ साली वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धती आणावी लागली. परंतु कोणत्याही गावची पायली घेतली तरी दोन पायल्या तांदूळ एका पायलीच्या दुप्पटच, आणि पायलीचे किलो करताना एका आकड्याने गुणले की काम भागते. येथे बेरीज, गुणाकार, सरासरी सारे चालते.

तात्पर्य, आकड्याची जात ठरल्याशिवाय त्याच्याशी काय करावे हे ठरत नाही. क्रमाच्या आकड्यांची सरासरी काढणे म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या मल्लाची बेरीज करून दुसरा मल्ल तयार करणे होय. पुढे १९७१ साली क्रँट्झ, ल्यूस, सप्पीस आणि ट्व्हर्स्की या चौघांनी या विषयावरील बृहद्ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि शास्त्राची इमारत पुरी होत आली.

नेमक्या त्याच दशकात संगणकाच्या जगात मोजणीची निकड भासू लागली होती. आज्ञावल्या लांबत होत्या, उशिरा होत होत्या, आणि चुकांनी भरलेल्या निघत होत्या. प्रारंभी त्या ओळींनी मोजीत. ओळ ही वस्तू दिसते, मोजता येते, बेरजेला सोपी. पण ओळी मोजल्या म्हणजे काम मोजले काय? १९८२ च्या सुमारास ॲपल कंपनीत व्यवस्थापकांनी दर आठवड्याला लिहिलेल्या ओळी कळविण्याचा नमुना सुरू केला. बिल ॲटकिन्सन या कुशल अभियंत्याने त्याच आठवड्यात एक भाग नव्याने लिहून तो अधिक वेगवान आणि पुष्कळ आखूड केला होता. त्याने नमुन्यात ‘उणे २०००’ असा आकडा भरून दिला. डच पंडित एट्सखर डाइकस्ट्रा याने हीच गोष्ट १९८८ साली गंभीरपणे सांगितली: ओळी या उत्पन्नाच्या नव्हे, खर्चाच्या रकान्यात मांडावयास हव्यात.

तेव्हा लांबीऐवजी गुंतागुंत मोजावी असा विचार पुढे आला. डिसेंबर १९७६ मध्ये टॉमस मॅकेब या अमेरिकन गणितज्ञाचा निबंध प्रसिद्ध झाला. आज्ञावलीतील आज्ञा म्हणजे ठिकाणे आणि एका आज्ञेवरून दुसरीवर जाणे म्हणजे वाटा, असा नकाशा त्याने कल्पिला. जेथे ‘असे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे’ असा निर्णय येतो तेथे वाटेला फाटा फुटतो. फाटे मोजावेत आणि त्यात १ मिळवावा. हाच मॅकेबचा आकडा. त्यामागे आलेखशास्त्राचे शुद्ध गणित होते. एका घटकात हा आकडा १० च्या वर जाऊ नये अशी त्याची शिफारस होती. ती मर्यादा अनुभवाने सुचलेली आहे, तिच्यात काही जादू नाही, हे त्याने स्वतःच प्रांजळपणे नमूद केले होते. नंतरच्यांनी १० घेतले. प्रांजळपणा मात्र मागे राहिला.

१९७७ साली पर्ड्यू विद्यापीठातील मॉरिस हॉलस्टेड याने याहून धाडसी मांडणी केली. आज्ञावलीत किती वेगवेगळी क्रियाचिन्हे व पदे आली आणि एकूण किती वेळा आली, या चार आकड्यांतून त्याने तिचा घनफळासारखा एक ‘आकार’ काढला, त्यावरून लिहिणाऱ्याचे ‘श्रम’ काढले, आणि त्या श्रमांना १८ ने भागले म्हणजे लागणारा वेळ सेकंदांत मिळतो असे सांगितले. हे १८ कोठून आले? माणसाचे मन एका सेकंदात ५ ते २० सूक्ष्म क्षण वेगळे ओळखू शकते, असे स्ट्राउड नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे मत होते. त्यातून हॉलस्टेडने १८ उचलले. मनुष्याच्या विचाराला सेकंदाचे भाडे ठरविण्याचा हा प्रकार आज थोडा विनोदी वाटतो. पण त्या काळी पुष्कळांना त्यात नव्या विज्ञानाची पहाट दिसली होती.

आय. बी. एम. मधील ॲलन आल्ब्रेख्ट याने १९७९ साली तिसरा मार्ग काढला. आज्ञावली काय काम करते त्याचे गुण मोजावेत, असे तो म्हणाला. बाहेरून येणारी माहिती सोपी असेल तर ३ गुण, मध्यम असेल तर ४, कठीण असेल तर ६. आणि मग सर्वांची बेरीज. या ‘कार्यगुणां’वर पुढे मोठमोठ्या कंत्राटांच्या किमती ठरल्या. सोपे, मध्यम, कठीण हा क्रम झाला, आणि क्रमाच्या पायऱ्यांना आकडे देऊन त्यांची पायलीसारखी बेरीज केलेली येथे दिसते. हा दोष पुढे अनेकांनी दाखविला.

हे सारे वारे भारतात पोचले ते निर्यातीच्या मार्गाने. १९८१ साली सात अभियंत्यांनी पुण्यात इन्फोसिस ही कंपनी स्थापन केली. १९८३ मध्ये तिने आपला मुक्काम बंगळूरला हलविला. पुण्यातच १९८१ साली टाटांनी आज्ञावलीशास्त्राच्या संशोधनासाठी एक केंद्र उघडले. परदेशी गिऱ्हाईक मालाचा नमुना हातात घेऊन पाहू शकत नव्हते. त्याला दुसरी काही खूण हवी होती. ती खूण अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने पुरविली. वॉट्स हम्फ्री यांच्या विचारावर उभारलेली, संस्थेच्या परिपक्वतेची ही १ ते ५ अशी श्रेणी होती. अमेरिकेच्या अवकाशयानाची आज्ञावली सांभाळणारा आय. बी. एम. चा ह्यूस्टन येथील गट पाचव्या पायरीवर सर्वप्रथम पोचला; आणि त्याच्या पाठोपाठ, १९९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात, मोटोरोला कंपनीची बंगळूर येथील शाखा. शतक संपता संपता पाचव्या पायरीवरच्या संस्थांत भारतीय संस्थांचा भरणा झाला होता. बंगळूरच्या प्रतिष्ठेला या पायऱ्यांनी मोठा हात दिला, हे नाकारण्याचे कारण नाही.

पण चौथ्या पायरीची अट अशी होती, की कामाचे व्यवस्थापन आकड्यांच्या आधारे केले पाहिजे. आकडे हवेत म्हटल्यावर जे तयार होते तेच उचलले गेले. मॅकेबचा आकडा यंत्राने क्षणात निघतो. तो अहवालात शिरला. आणि गंमत अशी, की १ ते ५ ही श्रेणी स्वतः क्रमाचीच मोजपट्टी होती. पाचव्या पायरीवरची संस्था पहिलीच्या पाचपट चांगली, असे तिच्यातून निघत नाही. अशी गणिते मात्र जाहिरातींच्या हवेत तरंगत असत.

आता मॅकेबच्या आकड्याला लॅम्बटनच्या साखळीची कसोटी लावून पाहावी. समजा, महिन्याचा क्रमांक दिला असता चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे नाव सांगणारा एक घटक आहे. बारा महिन्यांसाठी अकरा फाटे. आकडा झाला १२. मर्यादा ओलांडली. पण शाळकरी मुलालाही तो घटक एका दृष्टिक्षेपात कळेल. हा प्रकार मॅकेबच्या लक्षात आलेला होता आणि त्याने त्याला अपवाद म्हणून सवलतही दिली होती; परंतु मापाला अपवाद करावा लागणे ही काही चांगली खूण नव्हे. तराजू म्हणत नाही, की भोपळा असेल तर वजन धरू नका.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. तीन निर्णय एकामागून एक आले तर आकडा ४. तेच तीन निर्णय एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा असे आले तरी आकडा ४ च. पहिल्या मांडणीत आरंभापासून शेवटापर्यंत जाण्याच्या ८ तऱ्हा होतात, दुसरीत ४. उलट, वाचणाऱ्याचे डोके अधिक दुखते ते बहुधा दुसऱ्या मांडणीत, कारण तीन अटी एकाच वेळी मनात धरून ठेवाव्या लागतात. तेव्हा कोणती अधिक गुंतागुंतीची? तपासनीसाच्या दृष्टीने पहिली, वाचकाच्या दृष्टीने दुसरी, आणि आकड्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्या. काठ्या शेजारी धरल्यावर कोणती लांब यावर दुमत होत नव्हते. येथे आकडा यावयाच्या अगोदरच दुमत आहे.

या अडचणीचा नीट शोध १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला. इलेन वेयुकर या अमेरिकन विदुषीने १९८८ साली गुंतागुंतीच्या कोणत्याही मापाने पाळावेत असे नऊ नियम मांडले. त्यांतील एक असा, की आज्ञावलीत भर घातली तर तिची गुंतागुंत कमी होऊ नये. दुसरा असा, की दोन आज्ञावल्या सारख्याच गुंतागुंतीच्या असल्या तरी त्यांना तिसरी जोडली असता परिणाम निरनिराळा होऊ शकला पाहिजे. दोन्ही नियम वाचताना पटतात. परंतु जर्मनीतील होर्स्ट त्सुझे आणि इंग्लंडमधील नॉर्मन फेंटन यांनी मापनशास्त्राचा आधार घेऊन दाखविले, की हे दोन नियम दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. पहिल्याच्या मनात आज्ञावलीचा आकार आहे, दुसऱ्याच्या मनात तिची दुर्बोधता. आकार भर घातल्याने वाढतोच. दुर्बोधता मात्र चार ओळी अधिक लिहिल्याने कमीही होते, हे कोणताही लेखक सांगेल. दोघांना ‘गुंतागुंत’ हे एकच नाव दिले म्हणून ते एक होत नाहीत.

फेंटनने १९९१ च्या ग्रंथात आणि १९९४ च्या निबंधात आपला निष्कर्ष स्पष्टपणे मांडला. आज्ञावल्यांची सर्वमान्य अशी एक चढउतरण लावताच येत नाही. काही जोड्यांबद्दल एकमत होते, पुष्कळ जोड्यांबद्दल होत नाही. आकड्यांची रांग मात्र संपूर्ण असते. कोणतेही दोन आकडे घ्या, एक मोठा, दुसरा लहान, नाहीतर दोन्ही समान. अपुऱ्या क्रमाला पुरी रांग चिकटविली की आकडा आपल्या पदरचे काहीतरी त्यात घालतो. म्हणून सर्वसाधारण गुंतागुंतीचा एकच आकडा शोधणे हा प्रयत्न त्याच्या मते मुळातच फसणारा होता. फाटे मोजावयाचे तर फाटे मोजावेत आणि त्यांना फाटेच म्हणावे.

नव्या पद्धतीच्या आज्ञावल्यांसाठी श्याम चिदंबर आणि ख्रिस केमरर यांनी १९९४ साली सहा मापांचा एक संच दिला, आणि वेयुकरच्या नियमांवर तो तपासूनही दाखविला. हा संच जगभर रूढ झाला. दोनच वर्षांनी मार्टिन हिट्झ आणि बेहझाद मोंताझेरी यांनी तोच संच मापनशास्त्राच्या दृष्टीने पारखला. एका घटकातील अंगे परस्परांशी किती सुटी आहेत हे सांगणारे जे माप त्यात होते, ते कित्येकदा डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाच्या विरुद्ध आकडा देते, असे त्यांना आढळले. पुढे २००१ साली खालेद एल इमाम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आणखी एक शंका काढली: यांतील पुष्कळ मापांचा चुकांशी जो संबंध दिसतो तो निव्वळ आकारामुळे तर नव्हे? आकाराचा हिशेब वेगळा केल्यावर तो संबंध ओसरला. मोठ्या घरात धूळ अधिक सापडते, एवढ्यावरून खिडक्यांची संख्या दोषी ठरत नाही.

हा वाद ग्रंथालयात राहिला असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. २०१३ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टोयोटा कंपनीच्या मोटारीच्या एका प्राणघातक अपघाताचा खटला चालला. वादीच्या बाजूने मायकेल बार या तज्ज्ञाने साक्ष दिली, की मोटारीच्या वेगनियंत्रणाच्या आज्ञावलीत मॅकेबचा आकडा ५० च्या वर असलेले ६७ घटक आहेत, आणि इंधनाची झडप किती उघडावी हे ठरविणाऱ्या घटकाचा आकडा तर १०० च्याही वर आहे. अवकाशसंशोधन संस्थेच्या तज्ज्ञांना २०११ साली संपलेल्या चौकशीत अनियंत्रित वेगाचे विद्युत्-कारण सापडले नव्हते. पंचांनी मात्र कंपनीला जबाबदार धरले. बारच्या साक्षीत इतरही अनेक मुद्दे होते, आणि तो निकाल एकट्या या आकड्यावर लागला असे म्हणता येणार नाही. परंतु १९७६ च्या निबंधातील आकडा माणसाच्या मृत्यूच्या खटल्यात पुरावा म्हणून उभा राहिला, ही घटना लहान नव्हे.

आणि येथे त्या आकड्याची न्याय्य बाजूही सांगितली पाहिजे. फाटे शंभर असतील तर स्वतंत्र वाटांचा पाया गाठण्यासाठी निदान तितक्या चाचण्या घ्याव्या लागतात, हे गणित निर्विवाद आहे. चाचणीचे किमान ओझे सांगणारा आकडा म्हणून तो खरा आहे. त्या अर्थाने तो नुसती गणती आहे, आणि गणतीइतके भक्कम माप दुसरे नाही. तो डळमळतो तो त्याला ‘गुंतागुंत’ म्हटल्यावर, आणि त्याहून अधिक, त्याच्यावर माणसाची पगारवाढ टांगल्यावर. मर्यादा १० ठेवली की १४ चा घटक दोन तुकडे करून ८ आणि ७ असा पुढे धाडता येतो. बेरजेत १ वाढला, कारण प्रत्येक तुकड्याला त्याचा स्वतःचा १ मिळतो. पण अहवालात दोन्ही ओळी हिरव्या झाल्या. जो विचार पूर्वी एका पानावर होता तो आता दोन पानांवर गेला, आणि एकावरून दुसऱ्यावर जाण्याचे श्रम कोणत्याच रकान्यात आले नाहीत. असे तुकडे करणे कधी शहाणपणाचे असते, कधी नसते. आकड्याला त्यातला फरक कळत नाही. इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली पैशाच्या पुरवठ्याविषयी बोलताना हेच दाखविले होते: नियंत्रणासाठी धरलेला आकडा नियंत्रणाचे ओझे पडताच आपले पूर्वीचे नाते सोडतो.

व्यवसायातील एका वजनदार माणसाने पुढे आपले मत बदलले, हेही येथे नमूद करावयास हवे. जे मोजता येत नाही त्यावर ताबा ठेवता येत नाही, हे सूत्र टॉम डीमार्को याने १९८२ च्या ग्रंथात रूढ केले होते आणि एका पिढीने ते मंत्रासारखे जपले. २००९ साली त्यानेच लेख लिहून त्या ग्रंथातील मोजणीच्या आग्रहाविषयी शंका व्यक्त केली. ज्या कामाचे मोल फार मोठे आहे त्यात काटेकोर ताब्याला फारसे महत्त्व नसते, असा त्याचा नवा सूर होता.

तापमापकाची गोष्टही यापेक्षा फार निराळी नव्हती. उष्णता म्हणजे काय हे ठाऊक नसताना फॅरनहाइट आणि सेल्सियस यांनी नळ्यांवर खुणा केल्या. शून्य कोठे धरावे हे प्रत्येकाने आपल्या मर्जीने ठरविले. केल्व्हिनने निरपेक्ष शून्याची मोजपट्टी मांडली ती १८४८ साली, शंभराहून अधिक वर्षांनी. लॅम्बटनने बंगळूरच्या उन्हात साखळीशेजारी ठेवलेला तापमापक या अर्ध्या वाटेवरचाच होता, तरी साखळी किती लांबली ते त्याने बरोबर सांगितले. कारण उष्ण आणि अधिक उष्ण यांचा क्रम त्या काळीही सर्वांना सारखाच लागत होता, आणि पोलादावर तो ताडून पाहता येत होता.

आज्ञावल्यांच्या बाबतीत तशी पडताळणीची रेषा शोधण्याचा एक प्रयत्न जर्मनीत झाला. नॉर्मन पायटेक, यानेट झीगमुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९ जणांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या चुंबकीय यंत्रात झोपविले, त्यांच्या डोळ्यांपुढे आज्ञावल्यांचे लहान लहान तुकडे धरले, आणि ते वाचताना मेंदूचा कोणता भाग किती राबतो हे टिपले. मग ४१ मापांचे आकडे त्या नोंदींशी ताडून पाहिले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मापे आणि श्रम यांचे नाते होते, पण मर्यादित. स्मरणावर विशेष भार पडत होता तो आज्ञावलीतील वेगवेगळ्या शब्दांच्या संख्येचा. बाजारात मिळणाऱ्या तपासणी-यंत्रणांत मात्र फाट्यांच्या मोजणीची जी मर्यादा आरंभी घालून दिलेली असते, ती अजूनही बहुधा १० च असते.